डायलॉग बॉक्स कुठे उघडावा? : पाढ्यांच्या प्रोग्रॅमने मला शिकवलेला धडा



आपल्यापैकी बरेच जण आता वर्गासाठी छोटे छोटे प्रोग्रॅम स्वतः बनवू लागले आहेत. कुणी पाढ्यांचा सराव, कुणी शब्दकोडी, कुणी हजेरीचा तक्ता. आजचा विषय त्यातलाच, पण सहसा कुणी ज्यावर बोलत नाही असा आहे. संगणकाच्या पडद्यावर छोटी चौकट, म्हणजे डायलॉग बॉक्स, नेमका कुठे उघडायला हवा? विषय किरकोळ वाटेल. मलाही वाटला होता. पण या किरकोळ गोष्टीमुळे माझ्या वर्गातल्या एका मुलीने आठवडाभर माऊसला हात लावला नाही. म्हणून हा लेख.

काय घडलं?

मागच्या सुट्टीत मी पायथन शिकले आणि चौथीसाठी पाढ्यांचा एक प्रोग्रॅम बनवला. दहा उत्तरं बरोबर आली की एक छोटी चौकट उघडते : "शाब्बास! पुढची पातळी सुरू करायची का?" खाली दोन बटणं, हो आणि नाही. घरच्या लॅपटॉपवर सगळं झकास चाललं. चौकट अगदी पडद्याच्या मधोमध.

शाळेत लिनक्स असलेला एक लॅपटॉप आहे, तो केबलने स्मार्ट टीव्हीला जोडलेला असतो. एक मुलगी त्यावर बसली. हुशार आहे, पण बुजरी. तिने भराभर दहा उत्तरं दिली आणि प्रोग्रॅम एकदम गप्प झाला. माऊस हलत होता, पण कुठेही क्लिक केलं तरी काही होईना. तिने दोन-तीन बटणं दाबून पाहिली, मग दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "बाई, मी काही नाही केलं."

मी प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करून दिला. "काही नाही गं, अडकला असेल," म्हणाले आणि दुसऱ्या गटाकडे गेले. पण त्यानंतर ती जोडीदाराशेजारी नुसती बसायची. माऊस धरायची पाळी आली की म्हणायची, "तूच कर."

आठ दिवसांनी तेच दुसऱ्या मुलाच्या बाबतीत झालं. तेव्हा टीव्हीवर पेन ड्राइव्हमधली एक गोष्ट नुकतीच संपली होती. मी रिमोटने टीव्ही पुन्हा लॅपटॉपच्या इनपुटवर आणला आणि बघते तर काय! टीव्हीच्या रिकाम्या पडद्यावर माझी चौकट उभी : "शाब्बास! पुढची पातळी सुरू करायची का?"

म्हणजे त्या मुलीचं कौतुक झालं होतं. फक्त ती जिकडे बघत होती तिकडे ते झालंच नव्हतं. चूक तिची नव्हती, लॅपटॉपची नव्हती, टीव्हीचीही नव्हती. चूक माझ्या प्रोग्रॅममधली होती. ती कशी झाली ते आता नीट समजून घेऊ.

डायलॉग बॉक्स म्हणजे काय?

प्रोग्रॅमची मोठी चौकट ती मुख्य विंडो. तिला मध्येच काही विचारायचं किंवा सांगायचं असलं की ती छोटी विंडो उघडते, तो डायलॉग. "फाइल जतन करायची का?" हा आपल्या सर्वांच्या ओळखीचा डायलॉग.

यातला एक प्रकार हट्टी असतो. त्याला उत्तर दिल्याशिवाय मुख्य विंडोत काहीच करता येत नाही. तांत्रिक भाषेत त्याला मोडल डायलॉग म्हणतात. हा डायलॉग समोर दिसत असेल तर काहीच अडचण नाही. पण तो दिसत नसेल तर? मुख्य विंडो ऐकत नाही आणि का ऐकत नाही हेही कळत नाही. मोठा माणूस म्हणतो, "संगणक हँग झाला." लहान मूल म्हणतं, "माझ्याकडून काहीतरी बिघडलं."

पडदा म्हणजे आलेख कागद

संगणकाचा पडदा छोट्या ठिपक्यांचा बनलेला असतो, त्यांना पिक्सेल म्हणतात. आपल्याकडच्या अनेक लॅपटॉपचा पडदा १३६६ पिक्सेल रुंद आणि ७६८ पिक्सेल उंच असतो. मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून होते. तिथे दोन्ही आकडे शून्य. उजवीकडे जाल तसा पहिला आकडा वाढतो, खाली याल तसा दुसरा वाढतो. गणिताच्या आलेखात आपण वर जाताना वाढ धरतो, इथे उलट आहे. मुलांना सांगताना मी म्हणते, "वहीवर आपण वरून खाली लिहितो ना, तसंच."

आता दुसरा पडदा जोडला तर? संगणकासाठी तो त्याच आलेख कागदाला चिकटवलेला आणखी एक कागद. माझ्या १३६६ च्या पडद्याच्या उजवीकडे १९२० रुंदीचा टीव्ही होता. एकूण रुंदी झाली ३२८६.

आणि इथेच घात झाला. मी प्रोग्रॅमला सांगितलं होतं, "पडद्याची रुंदी विचार आणि डायलॉग मधोमध ठेव." प्रोग्रॅमने पडद्याची रुंदी विचारली. विंडोजवर हे साधन फक्त मुख्य पडद्याची रुंदी सांगतं. लिनक्सच्या जुन्या एक्स पद्धतीत मात्र ते सगळ्या पडद्यांची मिळून रुंदी सांगतं. डायलॉग ३६० पिक्सेल रुंद होता. हिशेब झाला (३२८६ − ३६०) ÷ २ = १४६३. लॅपटॉपचा पडदा तर १३६६ लाच संपतो. डायलॉग पूर्णच्या पूर्ण टीव्हीवर!

गणित बरोबर होतं. विचारलेला प्रश्न चुकीचा होता.

मग मधोमध कशाच्या?

डायलॉग ठेवण्याच्या तीन पद्धती सर्रास दिसतात.

पहिली, ठरलेली जागा. उदाहरणार्थ "डावीकडून ५००, वरून ३००". एका संगणकावर छान दिसतं, लहान पडद्यावर कडेला जातं.

दुसरी, पडद्याच्या मधोमध. एकच पडदा असेल तर चालतं. दोन असले की काय होतं ते वर पाहिलंच. शिवाय पडदा मोठा आणि मुख्य विंडो कोपऱ्यात असेल, तर मूल एका बाजूला बघतंय आणि डायलॉग दुसरीकडे, असं होतं.

तिसरी, मुख्य विंडोच्या मधोमध. मूल ज्या विंडोत काम करतंय तिथेच डायलॉग उघडतो. विंडो टीव्हीवर नेली तर डायलॉगही टीव्हीवर, लॅपटॉपवर आणली तर लॅपटॉपवर. सर्वसाधारणपणे हीच पद्धत योग्य.

यात आणखी एक फायदा आहे. कमी दिसणारी मुलं पडदा मोठा करून दाखवणारं भिंग वापरतात. विंडोजमध्ये विंडोज आणि अधिकचं चिन्ह ही बटणं एकत्र दाबली की ते सुरू होतं. भिंग लावल्यावर पडद्याचा एक तुकडाच डोळ्यांसमोर असतो. त्या मुलासाठी डायलॉग दूर उघडणं म्हणजे न उघडल्यासारखंच.

चौथीच्या गणितात बसणारं सूत्र

हे सूत्र आपण सूचनाफलकावर चित्र मध्यभागी लावताना वापरतोच. फलकाच्या रुंदीतून चित्राची रुंदी वजा करायची, उरलेली जागा दोन्हीकडे निम्मी निम्मी.

समजा मुख्य विंडो डावीकडून २०० आणि वरून १०० वर आहे. तिची रुंदी ८०० आणि उंची ५०० आहे. डायलॉग ३६० रुंद, १६० उंच.

डायलॉगची डावी कड = २०० + (८०० − ३६०) ÷ २ = २०० + २२० = ४२०

डायलॉगची वरची कड = १०० + (५०० − १६०) ÷ २ = १०० + १७० = २७०

झालं. मुलांना हे उदाहरण फळ्यावर द्या, वजाबाकी आणि निम्मे करणं दोन्हीचा सराव होतो. "सुरुवातीचे २०० का मिळवायचे?" हा प्रश्न जरूर विचारा. काही मुलं ते विसरतात आणि मग डायलॉग विंडोच्या नाही, पडद्याच्या कडेपासून मोजला जातो.

मोजण्याआधीच भागाकार!

हे सूत्र घालूनही माझा डायलॉग पहिल्यांदा उजवीकडे खाली सरकलेला दिसला. कारण गमतीशीर आहे.

मी टीकेइंटर वापरते. हे पायथनसोबत येणारं, विंडो बनवायचं साधन. त्याच्या मुळाशी टीके नावाचं जुनं साधन आहे, ते जॉन ऑस्टरहाउट यांनी अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात तयार केलं. आधी ते युनिक्सच्या संगणकांसाठी होतं, १९९० च्या दशकात विंडोज आणि मॅकवरही आलं. एकच प्रोग्रॅम तिन्हीकडे चालावा ही सोय आपल्याला त्यामुळे मिळते. अशा प्रोग्रॅमला क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणतात.

टीकेइंटरमध्ये डायलॉग पडद्यावर मांडला जाण्याआधी त्याची रुंदी विचारली तर उत्तर येतं १ पिक्सेल! मग सूत्रात ३६० ऐवजी १ जातो. डावी कड ४२० ऐवजी ५९९ येते, वरची २७० ऐवजी ३४९. म्हणजे डायलॉगचा मध्य नाही, त्याचा डावा वरचा कोपरा विंडोच्या मध्यावर येतो.

उपाय सोपा. आधी मजकूर आणि बटणं आत ठेवायची, मग "अपडेट आयडल टास्क्स" ही आज्ञा द्यायची, म्हणजे आतली मांडणी पूर्ण होते. मग डायलॉगला "तुला किती रुंदी लागेल?" असं विचारायचं. मिळालेला आकडा खरा असतो.

"मग आपणच ३६० ठरवून टाकू की," असं वाटेल. पण मराठीसाठी ते जास्तच धोक्याचं. विंडोजवर देवनागरीचा फॉन्ट एक, लिनक्सवर दुसरा. काना, मात्रा, वेलांटी, उकार वर-खाली जागा घेतात. कुणी पडद्यावरचा मजकूर १२५ किंवा १५० टक्के मोठा करून ठेवलेला असतो. "शाब्बास" एका ठिकाणी बसतं, दुसरीकडे त्याचं शेवटचं अक्षर किंवा बटण कापलं जातं. म्हणून आकार ठरवू नका, मोजा.

कडेला गेलं तर आत ओढा

मुलं विंडो कुठेही ओढतात. समजा मुख्य विंडो डावीकडून ११०० वर नेली, म्हणजे तिचा बराच भाग पडद्याबाहेर. सूत्राप्रमाणे डायलॉगची डावी कड ११०० + २२० = १३२०. पडदा १३६६ चा. डायलॉगचे ४६ पिक्सेल दिसणार, बटणं बाहेर.

म्हणून एक मर्यादा घालायची. डावी कड जास्तीत जास्त १३६६ − ३६० = १००६. हिशेबात त्याहून मोठा आकडा आला तर १००६ घ्यायचा, शून्याहून लहान आला तर शून्य घ्यायचा. उंचीलाही तसंच. खाली टास्कबार असतो, त्याची जागा आणखी वजा करायची.

पण सावध! ही मर्यादा मुख्य विंडो त्याच पडद्यावर असेल तरच लावायची. विंडो टीव्हीवर असताना लॅपटॉपची मर्यादा लावली तर डायलॉग ओढून परत लॅपटॉपवर येईल, म्हणजे पहिलीच चूक उलट्या दिशेने. मुख्य विंडोचा मध्य ज्या पडद्यावर, त्या पडद्याची मर्यादा, असं लक्षात ठेवा. क्यूटी नावाच्या साधनात प्रत्येक पडद्याची वापरायोग्य जागा वेगळी विचारता येते. टीकेइंटरमध्ये ती सोय इतकी सरळ नाही, म्हणून तिथे मी मुख्य पडद्याबाहेर असताना मर्यादा लावतच नाही.

अजून एक बारीक गोष्ट. विंडोजवर दुसरा पडदा मुख्य पडद्याच्या डावीकडे जोडला असेल तर तिथले आकडे ऋण असतात. टीकेइंटरमध्ये जागा सांगताना नुसतं "−१०" लिहिलं तर त्याचा अर्थ "उजव्या कडेपासून १० आत" असा होतो. खरोखरच ऋण १० हवं असेल तर "+−१०" असं अधिकचं चिन्ह पुढे ठेवून लिहावं लागतं. चिन्ह विसरलं की डायलॉग पार दुसऱ्या टोकाला.

तीन घरं, तीन रीती

आपण जेवायला गेलो तर कुठे बसायचं हे प्रत्येक घरी वेगळं असतं. कुठे आपणच पाट ओढून बसतो, कुठे यजमान जागा दाखवतात. ऑपरेटिंग सिस्टिमचंही तसंच.

विंडोजवर प्रोग्रॅमने सांगितलेली जागा साधारणपणे तशीच पाळली जाते.

मॅकवर "शीट" नावाचा डायलॉग असतो. तो त्याच्या मुख्य विंडोलाच जोडलेला असतो. जागेचे आकडे द्यायचा प्रश्नच नाही. कुठल्या विंडोचा ते सांगायचं.

लिनक्सच्या जुन्या एक्स पद्धतीत प्रोग्रॅम जागेची विनंती करतो. विंडो मॅनेजर नावाचा वेगळा प्रोग्रॅम ती मानतो किंवा थोडी बदलतो. पण २००८ साली सुरू झालेली वेलँड ही नवी पद्धत आता बऱ्याच लिनक्समध्ये आहे. तिच्यात प्रोग्रॅमला आपली विंडो पडद्यावर नेमकी कुठे आहे हे कळतच नाही आणि "मला इथे ठेव" असं सांगताही येत नाही. जागा सिस्टिमच ठरवते. प्रोग्रॅमने फक्त सांगायचं, "हा डायलॉग त्या विंडोचा आहे." टीकेइंटरचे प्रोग्रॅम तिथे जुन्या पद्धतीच्या पुलावरून चालतात, त्यामुळे सध्या आकडे बरेचसे चालून जातात. पण त्यांच्यावर विसंबून राहू नये.

बघा, तिन्ही घरांत चालणारी एकच गोष्ट उरते. डायलॉग कुठे ठेवायचा हे नंतर, तो कुणाचा आहे हे आधी. नातं सांगितलं की जागा बहुतेक वेळा आपोआप नीट मिळते. क्यूटीमध्ये डायलॉगला पॅरेंट विंडो दिली की तो तिच्यावर मध्यभागी यायचा प्रयत्न करतो. जावाच्या स्विंगमध्ये "सेट लोकेशन रिलेटिव्ह टू" ही आज्ञा आहे, तिला मुख्य विंडो द्यायची. तिथे रिकामं सोडलं तर डायलॉग पडद्याच्या मधोमध जातो. टीकेइंटरमध्ये नातं सांगणारी आज्ञा म्हणजे "ट्रान्झियंट". तयार मेसेज बॉक्स वापरत असाल तर त्यालाही पॅरेंट द्या, म्हणजे तो मुख्य विंडोच्या मागे लपत नाही.

टीकेइंटरमध्ये कामाचा क्रम

जे शिक्षक स्वतः प्रोग्रॅम लिहितात त्यांच्यासाठी क्रम देते. क्रम चुकला की गडबड होते.

१. डायलॉग तयार करा आणि लगेच "विड्रॉ" करून लपवा. नाहीतर तो आधी कोपऱ्यात चमकतो आणि मग उडी मारतो.

२. मजकूर आणि बटणं आत ठेवा.

३. "ट्रान्झियंट" देऊन तो मुख्य विंडोशी जोडा. इथे एक खड्डा आहे : मुख्य विंडोच लपवलेली असेल तर तिच्याशी जोडलेला डायलॉगही लपलेलाच राहतो.

४. "अपडेट आयडल टास्क्स" द्या आणि लागणारी रुंदी-उंची विचारा.

५. मुख्य विंडोची जागा आणि आकार विचारून वरच्या सूत्राने हिशेब करा.

६. कडेची मर्यादा तपासा.

७. "जॉमेट्री"ने जागा द्या आणि "डीआयकॉनिफाय"ने डायलॉग दाखवा.

८. तो खरोखर दिसेपर्यंत थांबा, त्यासाठी "वेट व्हिजिबिलिटी" आहे. मग "ग्रॅब सेट"ने त्याला हट्टी करा. विंडोजवर हे थांबणं विसरलं तरी चालून जातं. लिनक्सवर न दिसणाऱ्या विंडोला ग्रॅब दिला तर चूक दाखवून प्रोग्रॅम अडतो. घरी चालतं आणि शाळेत चालत नाही, त्याचं एक कारण हे.

९. एंटर आणि एस्केप ही बटणंही डायलॉगला जोडून द्या. माऊस हरवला तरी कीबोर्डने सुटका व्हावी.

वर्गात करून बघा : बाक, वही आणि पोस्टकार्ड

संगणक नसला तरी हा धडा घेता येतो. बाक म्हणजे पडदा, उघडलेली वही म्हणजे मुख्य विंडो आणि पोस्टकार्ड म्हणजे डायलॉग. आपलं पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असतं. पट्टी हवी.

पहिला डाव : एका मुलाने फक्त आकडे सांगायचे, "डावीकडून ४० सेंटिमीटर, वरून २०." दुसऱ्याने मोजून पोस्टकार्ड ठेवायचं. मग वही सरकवा आणि तेच आकडे पुन्हा सांगा. पोस्टकार्ड वहीबाहेर पडतं. लहान बाकावर गेलात तर कदाचित बाकाबाहेर.

दुसरा डाव : आकडे नाहीत. फक्त सांगायचं, "वहीच्या मधोमध." मुलाने वही मोजायची, सूत्र वापरायचं आणि ठेवायचं. वही कुठेही सरकवा, बाक कुठलाही घ्या, पोस्टकार्ड बरोबर जागी येतं.

तिसरा डाव : दोन बाक जोडा आणि वही दुसऱ्या बाकावर ठेवा. "बाकाच्या मधोमध" म्हटल्यावर कुठल्या बाकाच्या? मुलं भांडतील. भांडू द्या. माझा प्रोग्रॅम नेमका इथेच चुकला होता.

चौथा डाव : आता पोस्टकार्ड स्वतः ठेवायचं नाही. ते वर्गमंत्र्याच्या हातात द्यायचं आणि सांगायचं, "हे त्या वहीचं आहे." जागा वर्गमंत्री ठरवणार. ही झाली वेलँडची रीत.

डायलॉग हरवला तर?

पालकांसाठी हा भाग महत्त्वाचा. मूल म्हणालं, "संगणक अडकला," तर लगेच बटण दाबून बंद करू नका आणि "काय केलंस?" असंही विचारू नका. आधी हे बघा.

• ऑल्ट आणि टॅब दाबा. डायलॉग मुख्य विंडोच्या मागे असेल तर पुढे आणता येईल. मॅकवर कमांड आणि टॅबने निदान तो प्रोग्रॅम तरी समोर येतो.

• एस्केप एकदा दाबा. बहुतेक डायलॉगमध्ये याचा अर्थ "रद्द करा" एवढाच असतो.

• टीव्ही किंवा प्रोजेक्टर जोडलेला आहे का? त्याची केबल काढा. सगळ्या विंडो सहसा लॅपटॉपवर परत येतात. विंडोजवर विंडोज आणि पी दाबून फक्त संगणकाचा पडदा निवडला तरी चालतं.

• विंडोजवर विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण दाबला की चालू विंडो एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाते.

आणि शेवटचा प्रश्न : डायलॉग हवाच का?

मधोमध उघडणारा डायलॉग कधीकधी खालचा प्रश्नच झाकतो. "उत्तर पुन्हा तपास" असं सांगणारी चौकट गणितावरच बसली तर मूल तपासणार काय? माझ्या प्रोग्रॅममध्ये आता चुकीच्या उत्तरासाठी डायलॉग उघडत नाही. प्रश्नाच्या खालीच एक ओळ येते. जिथे मुलाला खरंच निवड करायची आहे तिथेच डायलॉग ठेवला आहे. आपण वर्गातही प्रत्येक चुकीला मुलाचा हात धरून थांबवत नाही ना!

प्रोग्रॅम दुरुस्त झाल्यावर मी त्या मुलीला बोलावलं. लॅपटॉप टीव्हीला जोडला, जुना प्रोग्रॅम चालवला आणि चौकट टीव्हीवर कशी पळते ते दाखवलं. म्हणाले, "बघ, चूक माझी होती. तू काहीच बिघडवलं नव्हतंस."

ती थोडा वेळ टीव्हीकडे बघत राहिली. मग विचारलं, "बाई, म्हणजे त्या दिवशी ते शाब्बास मलाच होतं?"

"तुलाच होतं," म्हणाले. तिने माऊस हातात घेतला आणि नवीन प्रोग्रॅमवर साताचा पाढा सुरू केला.

तेव्हा मित्रांनो, पुढचा प्रोग्रॅम बनवाल तेव्हा तो आपल्या घरच्या लॅपटॉपवर चालतो एवढ्यावर समाधान मानू नका. शाळेतला सर्वात लहान पडदा, जोडलेला टीव्ही, लिनक्सचा जुना संगणक, सगळीकडे एकदा चालवून बघा. विंडो कोपऱ्यात ओढून बघा. आणि मूल "मी काही नाही केलं" म्हणालं, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा, मग दुसरा पडदा तपासा.